कॅसेटवरचा दुसरा तुकडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या वाजवण्यावर मला मस्कतच्या हॉटेलात नोकरी मिळाली, ते वाजवणं माझं नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावर सोडायला आई, अण्णा आणि दिलीप आले होते. अण्णा एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर परत ये, लाज धरू नकोस." जमणार नाही याचीच मला भीती होती, आणि त्याचं कारण शेजारीच उभं होतं. दिलीपने आपली बास गिटार माझ्या खांद्याला अडकवली. "घेऊन जा लेका. इथं मला कोण विचारतंय?" पाथर्डी फाटा मागे पडला तरी ती मी खांद्यावरून उतरवली नव्हती.

दिलीप इगतपुरीकडचा. सातपूरला प्रेस मशिनवर होता, मी तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. गणपतीत, लग्नांत एका ऑर्केस्ट्रात आम्ही आळीपाळीने बास वाजवायचो. कॉपीवर कॉपी होऊन भुरकट झालेल्या एका कॅसेटवर फंक रॉक ऐकलं आणि दोघांनाही त्याचा नाद लागला. मी सूर शोधत बसायचो. तो म्हणायचा, "सूर सोड रे. प्रेसचा ठोका नको ऐकू, प्रेस वर जातो ती जागा ऐक. तिथं गप बसायचं." अंगठ्याने तार आपटायची, लगेच मुकी करायची, हे मला बऱ्यापैकी जमलं. पण बासवर कॉर्ड वाजवणं, म्हणजे गिटारसारखे दोन-तीन सूर एकदम काढणं, त्याच्या एकट्याच्या हातात होतं. ऑर्केस्ट्रातले चिडवायचे, "दिलीपराव, गिटारवाल्याच्या पोटावर पाय देता का?"

आखातातल्या हॉटेलांना वादक पुरवणाऱ्या मुंबईच्या एका एजंटला आम्ही दोघांत एकच कॅसेट पाठवली. पहिला तुकडा माझा, अंगठ्याने आपटलेल्या फंकचा. दुसरा त्याचा, कॉर्डचा. त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून पाकिटावर नंबर आमच्या घरचा. एजंटने विचारलं, "वो कॉर्डवाला पीस आपही ने बजाया ना?" अण्णा समोर पेपर वाचत बसले होते. मी हो म्हणालो. फोन पुन्हा लावून दुरुस्ती करता आली असती. मी चहा प्यायलो.

"त्यांना एकच माणूस हवा होता," असं मी दिलीपला सांगितलं.

"मग बरोबर हाय. माझं ते कॉर्डचं म्हंजे उगाच शहाणपण," तो म्हणाला आणि हसला. माझ्यासाठी खरंच खूश होता.

मस्कतला पहिल्याच तालमीत बँडचा म्होरक्या, गोव्याचा माणूस, म्हणाला, "आ गया कैसेटवाला? चलो, वो कॉर्ड सुनाओ." बोट सुजलंय, असं मी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात बोट आखडलंय म्हणालो, तर तो म्हणाला, "तेरी उँगली है या मौसम?" सगळे हसले, मीही हसलो. पासपोर्ट हॉटेलने आपल्या कपाटात ठेवून घेतला होता. खोटं उघडं पडलं तर काय होईल, हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती.

शेवटी शुक्रवारी दुपारी बूथवर जाऊन सातपूरला, त्याच्या खोलीखालच्या पीसीओवर फोन लावला. पहिली पाळी करून दिलीप नुकताच आला होता. मी म्हटलं, इकडे कॉर्ड मागतायत. "अरे सोपं हाय," तो म्हणाला. "मूळ सूर जाड तारेवर. शेजारची तार बोटाने मुकी ठेव. वरच्या दोन बारीक तारांवर बाकीचे सूर. आणि हात वर ने, खाली नुसता चिखल होतो. लय जोर नको लावू." पाच शुक्रवार त्याने मला शिकवलं. जे मी चोरलं होतं, ते कसं वापरायचं हे त्यानेच समजावून सांगितलं. "का रे, आवाज का थरथरतोय तुझा? घरची आठवण येते का?" असंही विचारायचा. मी हो म्हणायचो.

मग एकदा वाजवलं. म्होरक्याने मान वाकडी करून ऐकलं. "कैसेट में इससे अच्छा था," एवढंच म्हणाला आणि पुढच्या गाण्याकडे वळला. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. पुढची कितीतरी वर्षं तो माझ्याकडे वळला की माझी बोटं गार पडायची. इथेच संसार झाला, मुलगी झाली. भीती मात्र पहिल्या दिवसाइतकीच ताजी.

नाशिकला राहिलेले मला नशीबवान म्हणतात. माझ्यासारखे बाहेर पडलेले म्हणतात, गावी गेलं की बरं वाटतं. मला तसं होत नाही. सुट्टीत गेलो की दिलीप चारचौघांत खांद्यावर हात टाकतो. "हा आमचा मस्कतवाला. ह्याला कॉर्ड मी शिकवले, फोनवर." लोकांना ती थाप वाटते, सगळे हसतात. मीही हसतो. परक्या देशात मला झोप लागते. अण्णांच्या घरी दाराची कडी वाजली तरी वाटतं, दिलीपला कळलं. घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एकच जागा, जिथे मला ओळखणारा माणूस राहतो.

तो आता निवृत्तीला आलाय. निवड त्याची झाली होती, माझी नाही. त्याच्यासमोर बसून हे सांगायचं देणं मी लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.