सिस्टरांचा पत्र्याचा पावा

गयाबाई सिस्टरांच्या पुढच्या दाराला आतून कडी नव्हती. बोरीच्या शाळेत बदली झाली तेव्हा भाड्याची खोली बघायला मी त्यांच्याकडे गेले, आणि पहिली नजर गेली ती दाराच्या फळीवरच्या चार रिकाम्या भोकांवर. यजमान नोकरीला नांदेडला, म्हणजे आठवडाभर मी एकटीच राहणार. मी बिचकत विचारलं, "रात्री दार कसं लावायचं?" सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "लोटून घ्यायचं. कडी मीच काढून टाकलीय. आमचा भाऊ यायचा हाय."

"कधी येणार आहेत?"

"त्ये काय ठरलेलं न्हाई," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा चांगला होता आणि खोलीत उजेड भरपूर होता, म्हणून मी खोली घेतली. भावाची गोष्ट मला नंतर कळली. तोवर मी त्या बिनकडीच्या दाराला सरावले होते.

सिस्टर म्हणजे गावच्या उपकेंद्रातल्या नर्स. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सत्तरीच्या बाईला सगळं गाव सिस्टरच म्हणायचं. निम्मं गाव त्यांच्या हातांनी जगात आलेलं. मिशांना पीळ देणारे बाप्येसुद्धा त्यांच्यापुढे खाली मान घालून उभे राहायचे, आणि सिस्टर त्यांना चारचौघांत, "तू पायाकडनं आलतास, लय बेजार केलंतस माईला," असं ऐकवायच्या. अडलेल्या बाईच्या उशाशी बसून त्या म्हणायच्या, "येनारं येतंच. आपन हात धुवून तयार ऱ्हायाचं." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की एसटीला उशीर झाला, लाईट गेली, मुलीचा फोन आला नाही, तरी तेच. नुसतं म्हणून त्या थांबायच्या नाहीत. खरोखर उठून हात धुवायच्या.

भावाचं नाव मुंजाजी. सिस्टर चौथीत होत्या तेव्हा तो मिसरूड फुटलेला. गुरं राखायचा आणि अलगूज वाजवायचा. अलगूज म्हणजे तोंडात उभी धरून फुंकायची बांबूची बासरी. दिवेलागणीला गुरं घेऊन परतताना तो एकच धून वाजवायचा. तिला नाव नव्हतं, शब्द नव्हते. एका हंगामात कापसाच्या गाडीबरोबर तो सेलूच्या बाजारात गेला. कापूस विकला गेला, गाडी परत आली, बरोबरचे गडी परत आले. "तुमी व्हा पुढं, मी येतोच," असं म्हणून तो मागं राहिला होता. घरच्यांनी सेलू, परभणी, जालना सगळं पालथं घातलं. मुंजाजी सापडला नाही.

"पावा कोनाड्यात ठिवून गेलता," सिस्टर मला म्हणाल्या. "कायमचंच जायाचं असतं तर पावा ठिवून गेला असता का?" त्यांच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा होता. पुढं त्या बांबूला भुंगा लागून त्याचं पीठ झालं. ते पीठही त्यांच्या आईनं बरेच दिवस झाडलं नव्हतं म्हणे.

एकदा पितरांच्या पंधरवड्यात शेजारी, त्यांच्या चुलतभावाकडे, आम्ही दोघी जेवायला होतो. भावजयीनं सगळ्या गेलेल्यांची पानं मांडली आणि शेवटी एक पान मुंजाजीच्या नावानं मांडलं. इतकी वर्षं झाली, म्हणजे गेलाच असणार, असा सरळ हिशोब. सिस्टर उठल्या, ते पान उचललं, अंगणातल्या गायीपुढं ठेवलं, हात धुतले आणि परत येऊन बसल्या. "सगळी नोकरी दवाखान्यात गेली माझी," त्या भावजयीला म्हणाल्या. "डॉक्टरनं नाडी बघितल्याबिगर मी कोनाला मेलं म्हनले न्हाई. भात वाढ." आवाज चढला नव्हता, पण पुढं कुणाला धड जेवण गेलं नाही.

त्यांची मुलगी वंदनाताई पुण्याला असते. नवरा गेल्यापासून सिस्टर इथं एकट्या, म्हणून ती दर दिवाळीला न्यायला यायची आणि एकटीच परत जायची. "मी गेले आन त्यो आला तर?" सिस्टर विचारायच्या. "दाराला कुलूप बघितलं की माघारी फिरल. लय रुसका हाय. आन त्याला दुसरं कोनतं घर ठावं हाय?" ऐंशीला टेकलेला म्हातारा, जिवंत असलाच तर, रुसून माघारी फिरेल ही भीती मला आधी हसण्यासारखी वाटली. पुढं पुढं संध्याकाळी गल्लीत कुणाचं पाऊल वाजलं की मीही मान वर करायला लागले.

गेल्या वर्षी वंदनाताईनं निकराचं सांगितलं. डॉक्टरांनी आईच्या हृदयाचं काही बरं सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "येते. पर मला आधी पावा शिकायचाय. शिकून झाला की येते." आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "ह्या बाई शिकवत्यात." मी शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवते, लहानपणी दोन वर्षं बासरी फुंकली होती. माझी संमती कुणी विचारलीच नाही.

आम्ही परभणीला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं लगेच बांबूची आडवी बासरी काढली. "आडवी न्हाई, उभी पायजे. तोंडात धरून फुकायची," सिस्टर म्हणाल्या. मग त्याने उभ्या प्रकारातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या काउंटरवर ओतल्या. सिस्टरांनी एकेक उचलून उजेडाकडे धरून आतून पाहिली, बोटाचं टोक भोकांच्या कडांवरून फिरवलं, वास घेतला. बांबूच्या एका पाव्याच्या भोकांना कुसळं होती, दुसऱ्याचा वारा कुठून तरी निसटत होता. प्लास्टिकचा त्यांना औषधाच्या बाटलीसारखा वास आला. लांबलचक एकाचा सूर भरदार होता, पण त्यांची संधिवातानं वाकडी झालेली बोटं खालच्या भोकांपर्यंत पोचेनात. शेवटी एक पत्र्याचा निघाला, वीतभराहून थोडा मोठा, सहा भोकांचा, वर शिट्टीसारखं प्लास्टिकचं तोंड. त्यांनी हलकेच फुंकला. थोड्याशा दमात स्वच्छ बोलला.

"हा पोरांचा खेळ हाय मावशी," दुकानदार म्हणाला. "शिकायचं असलं तर बासरी घ्या."

"मला वाजवायचाय," सिस्टर म्हणाल्या आणि पावा स्वतःच्या रुमालात गुंडाळला.

शिकवणी संध्याकाळी ओट्यावर चालायची. मी सांगितलं, आधी वरचं एकच भोक झाका, सूर निघाला की दुसरं, मग तिसरं. बोटाचं टोक नको, मऊ पेर ठेवा. जोरात फुंकलं की पावा किंचाळतो. सिस्टर जोरातच फुंकायच्या. गल्लीतली कुत्री रडायला लागायची, चुलतभाऊ कवाड आपटायचा. आयुष्यभर बाळंतिणींना "दम बेतानं सोडा" सांगणाऱ्या बाईला मी तेच सांगत होते, आणि त्यांना त्याचा मनापासून राग यायचा. "मला नका शिकवू दम," म्हणायच्या. पण दोनेक महिन्यांत दम आवरला. एकेक बोट आपल्या जागी बसू लागलं. बारशात म्हणायचा पाळणा त्या इतका गोड वाजवायला लागल्या की कुत्री गप्प झाली.

मग त्यांनी भावाची धून काढली. मी ती कधी ऐकली नव्हती, पण कुठं जायची ते कानाला कळत होतं. खालून उठायची, वर जाऊन घुटमळायची, आणि पायऱ्या उतरत सगळी भोकं झाकून खालच्या सुरावर टेकायची. निदान टेकायला हवी होती. सिस्टर शेवटचं बोट उचललेलंच ठेवायच्या. धून एक पायरी वरच अडकून राहायची. पाऊल उचललेलं आणि ठेवायला जागा नाही, असं ऐकणाऱ्याला व्हायचं. मी म्हणायची, "तसं नाही सिस्टर, शेवटचं बोट खाली." त्या पावा मांडीवर ठेवून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, दम खातायत.

हे रोज झालं. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, तरी ती चूक तिथंच. मी आधी संधिवाताला दोष दिला. पण पाळणाही त्याच सुरावर संपतो, तिथं तेच बोट निमूट खाली यायचं. वंदनाताईचा फोन आला की सिस्टर सांगायच्या, "न्हाई गं अजून, चुकायलंय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुण्याला जायचं टाळायला म्हातारी मुद्दाम शिकणं लांबवतेय. मला त्यांच्या लबाडीचं कौतुक वाटलं. एकदा मी हसत म्हटलंसुद्धा, "सिस्टर, तुम्ही मुद्दाम चुकता." त्या दचकल्या. "कोनाला सांगू नका," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्यांना परभणीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं त्यांनी सगळ्यांना हैराण केलं. "घरी न्या, दार उघडं हाय माझं," हा एकच धोशा. डॉक्टरांनीही मग फार ताणलं नाही. वंदनाताई त्यांना घेऊन बोरीला आली. पुण्याचं नाव आता कुणीच काढत नव्हतं. खाट पुढच्या खोलीत, दारासमोर टाकली. दिवेलागणीला सिस्टरांनी रुमालातून पावा काढला, पण फुंकायला दम पुरेना. तोंड लावलं की नुसता वारा. त्यांनी पावा माझ्या हातात दिला.

मी मन लावून वाजवलं. धून वर गेली, घुटमळली, उतरली, आणि मी सगळी बोटं टेकवून तिला खाली नीट बसवलं. वर्षभर अडकलेलं एकदाचं सुटलं म्हणून मला फार बरं वाटलं.

सिस्टरांनी डोळे उघडले. "तसं न्हाई."

"सिस्टर, बरोबरच वाजवलं की."

"त्येच तर. बरोबर वाजिवलं तर त्यो कशाला येईल?"

मग थांबत थांबत, दम घेत त्यांनी सांगितलं. लहानपणी तो नसताना त्या चोरून त्याचं अलगूज फुंकायच्या आणि दरवेळी त्याच जागी चुकायच्या. त्याला चुकलेलं सहन व्हायचं नाही. "कुठूनबी यायचा. गोठ्यातनं यायचा. जेवता जेवता, खरकट्या हातानं उठून यायचा. 'तसं न्हाई गये,' म्हनायचा, माझ्या हातातनं काढून घ्यायचा आन शेवट करून दाखवायचा. मी चुकले आन त्यो आला न्हाई, असं कधी झालं न्हाई." त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "चुकवा, बाई."

वंदनाताई पाठमोरी झाली. रोज संध्याकाळी ही बाई माझ्यासमोर बसून भावाला हाका मारत होती, आणि मी तिचं बोट दुरुस्त करत होते. मी पुन्हा वाजवलं आणि शेवटचं बोट उचलून धरलं. सूर तसाच वर राहिला, मग विरला. आम्ही तिघीही ऐकत होतो. बाहेर चपलांचा आवाज आला, लोटलेलं दार हललं. तिघींनीही वर बघितलं. रतिबाचं दूध घेऊन गवळी आला होता.

सिस्टरांचा चेहरा पडला नाही, हे मला अजून आठवतं. "येनारं येतंच," त्या म्हणाल्या. "हात धुवायला पानी द्या." वंदनाताईनं खाटेवरच परात धरली, मी तांब्यानं पाणी घातलं. त्यांनी साबण लावून, बाळंतपणाला जाताना धुवायच्या तसे, कोपरापर्यंत हात धुतले. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

घर विकायचं वंदनाताईच्या मनात होतं. दिवस झाल्यावर ती तसं काही न बोलता पुण्याला गेली आणि पावा माझ्याकडे ठेवून गेली. यंदा पितरांत बोरीला येऊन तिनं आईचं पान मांडलं. शेजारच्या मामीनं विचारलं, "मुंजाजीचं?" ती म्हणाली, "नको. आईला आवडणार नाही." माझे यजमान तालुक्याहून दाराला नवी कडी घेऊन आले. ती कागदासकट कोनाड्यात पडून आहे.

दिवेलागणीला मी ओट्यावर बसते. वंदनाताईचा फोन येतो. ती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, देवधर्मसुद्धा बेतानंच करते. पण विचारते, "वाजवताय ना?" मी फोन शेजारी ठेवून वाजवते. शेवट मला येतो, बोटं आपणहून खाली जायला बघतात, त्यांना जोर लावून वर धरावं लागतं. सूर अडकतो. मग ती तिकडं आणि मी इकडं, दोघीही पावलांचा कानोसा घेतो.

"कुणी आलं?" थोड्या वेळानं ती विचारते.

"नाही."

"बरं. उद्या."

पूर्वी आपण कुणाची वाट बघतो हे मला पक्कं ठाऊक असायचं. आता चूक ऐकून आधी कोण येईल, भाऊ की बहीण, हे सांगता येत नाही. दार लोटलेलंच असतं. पावा हातात घ्यायच्या आधी मी हात स्वच्छ धुऊन घेते.