सरावातली जखमी

तारापूरजवळच्या एका गावात मी शिक्षक आहे. अणुवीज केंद्र शेजारीच, त्यामुळे अधूनमधून आपत्तीचा सराव होतो. भोंगा वाजला की माणसं शाळेच्या मैदानात जमतात. माझा वर्ग त्या दिवशी दवाखाना होतो आणि खोटे जखमी स्ट्रेचरवरून तिथे आणले जातात. पण जखमी व्हायला कुणी तयार नसतं. अपशकुन वाटतो लोकांना. सुकी मासळी विकणारी एक बाई तेवढी दर वेळी आपणहून पुढे येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

सुकटीची पाटी ती भिंतीशी ठेवते, डोक्यावरची चुंबळ उशाला घेते आणि स्ट्रेचरवर आडवी होते.

"मावशी, जरा कण्हा तरी!" आरोग्य केंद्राच्या सिस्टर ओरडतात. ती डोळे मिटून नुसती हसते. चौघांनी उचललं, की होडीतून पाण्यात बोटं सोडावीत तसा तिचा एक हात बाजूला सुटतो. मैदानाकडेच्या सुरूच्या झाडांच्या सावल्या तिच्या तोंडावरून सरकत जातात.

"भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"कसली, मास्तर? जलमभर पाटी मीच उचलली. मेल्यावर उचलतील चौघं, पन ते मना कलनार हाय का?"

परवाच्या सरावात वर्गाच्या दाराशी येईपर्यंत तिला खरोखरच झोप लागली होती. स्ट्रेचर खाली ठेवायला चौघं वाकले.

"थांबा," मी हळूच म्हटलं. "मैदानाला अजून एक फेरी मारा."

भोंगा केव्हाच थांबला होता. चौघं वळले, पावलं न वाजवता.