खरकटी बंदूक

या दसऱ्याला बाबा बंदूक उडवणार की नाही, यावरून आमच्या घरात पितृपक्षापासूनच धुसफूस सुरू होती. घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. त्यामुळे भांडणात मध्ये पडणारंही कोणी नव्हतं.

बंदूक आजोबांची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची आणि बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसवून उडवायची. विदर्भातून जबलपूरला आल्यावर आमची शेती सुटली, पण बंदूक आणि तिचा परवाना काही सुटला नाही. दसऱ्याची पूजा झाली की महाराजपूरच्या आमच्या अंगणात बाबा एक बार काढायचे, नुसत्या दारूचा. सगळी गल्ली त्याची वाट पाहायची.

बार झाला की बंदूक आईच्या ताब्यात. ती मोरीत उभी करून आई नळीत उकळतं पाणी ओतायची. सडक्या अंड्यासारख्या वासाचं काळं पाणी वाहायचं आणि ते स्वच्छ येईपर्यंत ती थांबायची नाही. यात शास्त्र वगैरे काही नव्हतं. खरकटं भांडं ती रात्रभर ठेवत नसे, मग खरकटी बंदूक परत देवापुढे कशी ठेवेल? बाबा दरवर्षी चिडायचे. त्यांची सगळी नोकरी खमरियात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेली.

"लोखंडात काहून पाणी ओतून राहिली? तेलाचा बोळा फिरव, झालं!"

आई ऐकून घ्यायची आणि दुसरं आधण ठेवायची.

आई गेली. त्यानंतरचे दसरे बाबांनी आपल्या मनासारखे केले. बार काढला, नळीला आतबाहेर भरपूर तेल दिलं, बंदूक कापडात गुंडाळून ठेवली. "पाह्य, कशी चमकून राहिली," असं वर मला सुनावलं. बाहेरून ती चमकत होतीच.

यंदा पितृपक्षात त्यांनी ती काढली, गजाला चिंधी बांधून नळीत फिरवली, तर चिंधी विटकरी होऊन बाहेर आली. टॉर्च लावून त्यांनी आत पाहिलं, मग मीही पाहिलं. बुडाजवळ लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. टॉर्च विझवून बाबा आपणहून सांगू लागले. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हाताळली ती बिनधुराची दारू. ती जळून गेल्यावर मागे फारसं काही ठेवत नाही, तिला तेल पुरतं. ही मात्र काळी दारू. जळल्यावर हिचे क्षार नळीला चिकटून राहतात, हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. ते निघतात पाण्याने. बाबांनी ते तेलाखाली झाकून ठेवले होते.

"माहीत होतं गं मला," ते म्हणाले. "पण हात कारखान्याचा ना. तेलाकडेच जाते."

एवढं कळूनही हट्ट सोडतील तर ते बाबा कसले! "अर्धीच दारू घालतो. एकच बार. तुझी आई गेली अन् बार बंद पडला, असं नको व्हायला."

"बाबा, नळी आतून खाल्ली गेलीय. ती फुटली तर तुमच्या तोंडासमोर फुटेल."

"काही नाही होत. तू उगाच घाबरून राहिली."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. रागच जास्त. मला आता तेवढेच उरले आहेत आणि ते एका धमाक्यासाठी डोळे पणाला लावायला निघाले होते. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट तेवढं वाढत होते.

दसरा आला. पूजा झाली, बंदुकीला हळदकुंकू लागलं. बाबा बंदूक आणि दारूची डबी घेऊन अंगणात गेले. मी दारातच उभी राहिले. ते आत जा म्हणाले, पण मी गेले नाही. त्यांनी डबी उघडली, थोडी दारू तळहातावर घेतली आणि तिच्याकडे पाहत बसून राहिले.

शेजारचे भैया भिंतीवरून डोकावले. "बाबूजी, आज धमाका नहीं होगा क्या?"

बाबांनी तळहातावरची दारू परत डबीत ओतली आणि झाकण घट्ट लावलं.

"नहीं भैया," ते म्हणाले. "धोने वाली नहीं रही."

आणि त्या परक्या माणसासमोर, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, ते रडले.