प्रत्यक्ष कोणी पाहिलं?

बोळिंजला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले साहेब मंत्रालयात बडे अधिकारी आहेत. सरकारी कामात एआय कुठे वापरायचं, हे राज्यात तेच ठरवतात. पण लिफ्ट बंद आहे असं वॉचमनने सांगितलं, तरी विचारणार, "प्रत्यक्ष कोणी पाहिलं?" आणि स्वतः बटण दाबून बघणार. मला या सवयीचा वैताग यायचा.

गेल्या हिवाळ्यात अर्नाळ्याच्या माझ्या मावशीला नोटीस आली. उपग्रहाच्या फोटोंवरून बेकायदा बांधकामं शोधणाऱ्या एआयला किनाऱ्यावर तिचं भलंमोठं छप्पर दिसलं होतं. ते पंधरा दिवसांत पाडायचं होतं. मी तणतणत साहेबांचं दार वाजवलं, नोटीस त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे प्रत्यक्ष कोणी पाहिलं?"

ते रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून अर्नाळ्याला आले. मावशीने किनाऱ्यावरच्या बांबूंकडे बोट दाखवलं.

"सायेब, छप्पर कोन बांधतो इथं? वर बगा, बोंबील हाय."

साहेब त्या बांबूंखाली जाऊन उभे राहिले. दाटीने टांगलेल्या ओल्या बोंबलांचं पाणी त्यांच्या शर्टावर ठिबकत राहिलं.

"या यंत्राला मंजुरी मीच दिली," ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. मावशीची नोटीस रद्द झाली होती, आणि माणसाने जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय यापुढे एकही निघणार नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बोंबलांचा वास आला. अंगात कालचाच शर्ट होता.

"आज नोटिसांच्या बैठकीला मुद्दाम हाच घातला," ते म्हणाले. "प्रत्यक्ष कोणी पाहिलं, हे एकालाही विचारावं लागलं नाही."