माझ्या हातातला पेला

सुधाकाकूंनी ओठ मिटून घेतले. मी पेला पुढे केला तसा त्यांनी तळहात आडवा धरला आणि मान वळवली. "नको. सर्दी झालीय मला."

मी पेल्याची कड पुसली आणि पुढे सरकलो. शेजारी त्यांचे यजमान, आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनाही सर्दी. त्यांच्या पलीकडे मुलगा आणि सून. दोघांनाही सर्दी. मे महिना होता. वरचे पंखे नुसती गरम हवा फिरवत होते, आणि इथे एक अख्खं कुटुंब सर्दीने हैराण. पुढच्या रांगेत त्यांचे व्याही गुडघे टेकून होते. त्यांनी सर्दीचंही नाव घेतलं नाही. नुसती मान हलवली.

पेला हातात धरून उभं राहण्याचा माझा तो पहिलाच रविवार. पिंपरीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन होतं. लोक कठड्यापाशी गुडघे टेकतात. पाळकसाहेब प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत जातात. मागून दुसरा सेवक द्राक्षारसाचा चांदीचा पेला घेऊन येतो आणि प्रत्येकाच्या ओठांशी धरतो. सगळ्यांनी त्याच पेल्यातून घोट घ्यायचा. आपण सगळे एकाच शरीराचे अवयव, असं त्या वेळी मोठ्याने म्हणायचं.

मी फिजिशियन आहे. चाकणला एका खासगी हॉस्पिटलात. ओव्हरटाइम बुडेल म्हणून ताप अंगावर काढणारी कंपन्यांमधली पोरं, शुगर वाढलेले बागायतदार, हे माझे पेशंट. नोकरी सांभाळून मी धर्मशास्त्र शिकलो, परीक्षा दिल्या आणि मानसेवी पाळक झालो. मानसेवी म्हणजे बिनपगारी आणि अर्ध्या अधिकाराचा. उपदेश करायचा, पेला धरायचा, बस. पूर्ण पाळकपदाची दीक्षा मिळायची तर कमिटीची शिफारस लागते. ती मला हवी होती. फार हवी होती. औषध संपतं तिथे डॉक्टर हात झटकून बाहेर येतो. मला तिथून परत आत जाऊन मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं होतं, पाळक म्हणून, हक्काने.

आता मूर्खपणा ऐका. मी त्या सर्दीवर विश्वास ठेवला.

खरंच ठेवला. डॉक्टरचं डोकं ते. एका घरात चौघांना सर्दी म्हणजे व्हायरल, असा विचार करत मी घरी गेलो. संध्याकाळी सुधाकाकूंना फोन लावला. म्हटलं, काकू, वाफ घ्या, काकांचं बीपी आहे, त्यांना सर्दीची कुठलीही गोळी परस्पर देऊ नका. मग त्या म्हणाल्या, "कसली सर्दी? अच्छा, ते होय. अरे, तू पण ना." आणि हसल्या.

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. हसण्याचं दुःख वेगळं. मी वाफ घ्यायला सांगत होतो, याची लाज जास्त वाटली. गावात माझ्या आजोबांना वरून पाणी ओतायचे. त्यांना निदान कळत तरी होतं की काय चाललंय. एम.डी. होऊन मला कळलं नव्हतं.

सांगून टाकतो. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या मांगवाड्यातले. तिथे ते ख्रिस्ती झाले. वडील पिंपरीला आले आणि याच चर्चचे शिपाई झाले. घंटा वाजवायची, फरशी पुसायची, बाकं लावायची. सेक्रेटरीसाहेबांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. घर सुटलं, गाव सुटलं, जानवं सुटलं, ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की पाठ झालीय. काय सुटलं नाही ते मात्र कधी सांगत नाहीत.

आणि तो चांदीचा पेला दर महिन्याला धुवायचं कोण? माझे वडील. मागच्या नळावर, चिंच आणि राखेने घासून लखलखीत करायचे. त्यांच्या हातचा धुतलेला पेला सगळ्या जुन्या घराण्यांनी वर्षानुवर्षं ओठाला लावला. कुणाला सर्दी झाली नाही. धुणारा हात चालत होता. देणारा हात चालत नव्हता.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी स्वतः पेला धरला. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसून पाहिलं. सुधाकाकू प्यायल्या. काका प्यायले. मुलगा, सून, व्याही, सगळे प्यायले. त्याच्या पुढच्या महिन्यात पेला धरायची पाळी माझी आली, आणि रांगच्या रांग पुन्हा आजारी.

सोमवारी हेच काका चाकणला माझ्या ओपीडीत. चर्चमध्ये मी 'अरे', तिथे 'डॉक्टर, तुम्ही'. शर्टाची बटणं सोडून टेबलावर पडतात. मी छाती तपासतो, पोट दाबतो, जीभ बाहेर काढायला लावतो. माझी बोटं त्यांच्या गळ्याच्या गाठी चाचपतात. काही विटाळत नाही. त्या दिवशी बटणं लावता लावता त्यांनी विषय काढला.

"डॉक्टर, एका पेल्यातून पिणं आरोग्याला बरं नाही, असं लोकांचं म्हणणं पडतंय. प्रत्येकाला छोटा वेगळा पेला द्यावा, ट्रेमध्ये मांडून. ज्याचा त्याने उचलायचा. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच रविवारी व्यासपीठावरून सांगा, म्हणजे कुणाला वावगं वाटणार नाही." मग कॉलरचं बटण लावत म्हणाले, "तुमच्या शिफारशीचंही त्याच मिटिंगमध्ये उरकून टाकू."

मी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. ते म्हणत होते ते खरं होतं. वेगळे पेले आरोग्याला चांगलेच. कोरोनात आम्ही तेच वापरत होतो. आणि कोरोना ओसरल्यावर ते ट्रे माळ्यावर टाका, पूर्वजांचा पेला परत आणा, म्हणून कमिटीत टेबल कुणी ठोकलं? याच काकांनी. पेला त्यांच्या पणजोबांनी चर्चला दिलेला. तेव्हा जंतू नव्हते. माझा हात कठड्यापाशी आला आणि जंतू आले.

खरं बोलायला लावून खोटं काम करून घ्यायचं. तेही माझ्याच तोंडून, माझ्याच डिग्रीच्या जोरावर. मला इतका संताप आला होता की पुढच्या पेशंटचं बीपी दोनदा घ्यावं लागलं.

हॉस्पिटलात तरी काय वेगळं? मालक डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "प्रार्थना वगैरे घरी. इथे कुणाला बाटवायचं नाही." मी आजवर एकाही पेशंटसमोर डोळे मिटलेले नाहीत. तिकडे मी बाटवणारा, इकडे माझ्याच हाताने पेला बाटतो.

पाळकसाहेबांकडे गेलो. भला माणूस. चहा पाजला. म्हणाले, "मला सगळं दिसतं. पण मंडळी फुटायला नको. एकदा दीक्षा होऊ दे, मग बघू."

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "सांगून टाक की. खरंच हाय ना ते? ट्रे तर ट्रे. तुला त्या पांढऱ्या झग्यात बघायचंय मला. लई दिवस न्हाई ऱ्हायले माझे."

त्यांनी आयुष्यभर त्या फरशीवर ओणवं होऊन काढलं, ते याच एका दिवसासाठी. तो दिवस द्यायचा की नाही, हे माझ्या हातात आलं होतं. आठवडाभर मी दोन्ही भाषणं मनात घोळवली. सोपं भाषण दोन मिनिटांचं होतं.

रविवारी वर गेलो. सेक्रेटरीसाहेब पहिल्या बाकावर मान डोलवत बसले होते. मी म्हणालो, "वेगळे पेले आरोग्याला चांगले. हे डॉक्टर म्हणून सांगतो. पण आपल्याला ते हवेत ते आरोग्यासाठी नाही. पाळकसाहेबांच्या हातून जे पितात, ते माझ्या हातून पीत नाहीत. मी मांगाचा आहे म्हणून. हा आजार ट्रेने बरा होत नाही. त्याच्यावर पांघरूण घालायला मी माझी डॉक्टरकी देणार नाही."

कुणी हललं नाही. मागच्या बाकावर चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेल्या मराठवाड्यातल्या बाया बसतात, त्याही नाहीत. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि गीत घ्यायला सांगितलं. पेटी वाजायला लागली. सगळे उभे राहून गायले. सुधाकाकूही गायल्या, चांगला आवाज आहे त्यांचा.

वडील गीत संपायच्या आत बाहेर गेले. मी गेलो तर नळापाशी बसले होते. म्हणाले, "बोललास ते बरोबर हाय. पर आता मला ह्या लोकांत बसवणार न्हाई." त्यानंतर ते चर्चला आलेले नाहीत. घरीच बायबल वाचतात. माझ्याशी जेवणापुरतं बोलतात.

शिफारस झाली नाही. 'अजून परिपक्वता हवी' असं कळवण्यात आलं. काकांनी डॉक्टर बदलला. वेगळ्या पेल्यांचा ठराव कमिटीत अडकून पडलाय, कारण त्याच्या बाजूने हात वर केला की तो का केला, हे आता सगळ्या मंडळीला कळणार.

मला हे चर्च सोडा म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. दुसरीकडे जा, तुमच्या लोकांचं वेगळं काढा. नाही काढणार. ही फरशी माझ्या बापाने पुसलीय.

मानसेवी पद अजून माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात पेल्याची पाळी माझी. यापुढे माझं ठरलंय. कुणी तळहात आडवा केला, मान वळवली, तर मी कड पुसून पुढे सरकणार नाही. पेला ओठांपुढे धरून तिथेच उभा राहीन. रांग खोळंबली तर खोळंबू दे. पाळकसाहेबांनी खुणा केल्या तर करू दे. मांगाच्या हातचं नको, एवढं वाक्य त्यांना माझ्या तोंडाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागेल. ते बोलल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.