पायजम्याच्या नाडीवरचा पंप

डिसमिसचं टोक यंत्राला टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग समोर कुणी कितीही बडबडो, एक हात वर करून म्हणायचं, "आदी आयक, मगे बोल."

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका यंत्र तपासत ते असं. स्क्रू-ड्रायव्हरला ते गिरणीतल्या सवयीनं डिसमिसच म्हणत. आणि गंमत म्हणजे काकांना ऐकू येत नसे. उमेदीची सगळी वर्षं मागांच्या खडखडाटात फिटर म्हणून काढलेली. कान गिरणीतच राहिले. "कानान न्हय रे, हाडान आयकूचा," ते म्हणत.

आमची ओळख घट्ट झाली ती माझ्या हुशारीमुळे. मुलगी शिकायला कोल्हापूरला गेली आणि जाताना दोन गोल्डफिश माझ्या गळ्यात घालून गेली. केशरी तो गाजर, पांढरा तो मुळा.

"बाबा, दिवाळीला आले की मला दोघंही हवेत हं."

"अगं, यांच्या हातून निवडुंग मेलाय," बायको म्हणाली. ते मासे जगवणं हा आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

टाकीत हवा सोडणारा छोटासा पंप दिवसभर घुर्रघुर्र करायचा. मी तो टॉवेलात गुंडाळला आणि टाकीखालच्या कपाटात कोंबला. आवाज बंद! मी इतका खूश झालो, की बायकोला दोनदा बोलावून शांतता ऐकवली.

आणि एका मंगळवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली. पंप थांबला की हवेच्या नळीतून पाणी उलटं उतरतं, आणि पंप खाली असेल तर टाकी रिकामी होईपर्यंत उतरतच राहतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला नव्हतं. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. बाहेर काका. ओला बनियन, हातात बादली.

"मेल्या, माझ्या डोक्यार पानी गळता हा!"

मी माफी मागायला तोंड उघडेपर्यंत ते आत शिरले आणि त्यांनी टाकीतली नळी उपसून वर धरली. टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं. मुळा तळाशी गप्प, गाजर आडवा. मला दिवाळी दिसली, आणि दिवाळीला मुलीचा चेहरा.

"कालचा भरलेला पानी आसा? ता हाड. नळाचा नको."

मी पिंपातलं शिळं पाणी आणून ओतलं. पण वीज नाही, मग हवा कुठून? काकांनी स्वयंपाकघरातून डाव आणवला, टाकीतलं पाणी डावानं उचलून उंचावरून परत टाकीत सोडून दाखवलं आणि डाव माझ्या हातात दिला. "वरचा पानी हलूक व्हया. थांबा नको." दीड तास मी पंप होतो. बायको मधून मधून येऊन, "चहा देऊ की वंगण?" असं विचारून जात होती. शेवटी गाजर सरळ झाला. काकांनी त्याला नमस्कार केला, मला नाही.

वीज आल्यावर त्यांनी दोरी मागितली. घरात वेळेला दोरी सापडेल तर शपथ. माझ्या पायजम्याची नाडी निघाली. टाकीच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्याला, काकांनी पंप पुसून-वाळवून त्या नाडीनं टांगला. कशालाच टेकत नाही म्हटल्यावर घुरघुरही निम्मी झाली.

"पंप वर व्हयो, पानी खाली. पान्याक अक्कल नसता, ती आपणाक व्हयी."

त्यानंतर दर रविवारी काका पंप ऐकायला येत. ऐकून झालं की डिसमिस माझ्या हाती देत आणि माझ्या ओठांकडे बघत.

"काय आयकलंस?"

"घुर्र."

"ता माका पन सांगता येता!"

खालून काकी ओरडायच्या, "माझ्या हाका ऐकू येत नाहीत, आणि माशांचा पंप बरा ऐकू येतो!" एकदा मात्र काकांनी डिसमिस हाडावरून काढलाच नाही. चहा गार झाला. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. मग हळूच म्हणाले, "अख्खा खाता चालू झाला रे." त्यांचं गिरणीतलं मागांचं खातं. मी गार चहाचा कप हळूच बाजूला सरकवला. आधी ऐकायचं, एवढं शिकलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर काका-काकी कुडाळकडे गावी राहायला गेले, कायमचे. जाताना डिसमिस माझ्या हातात ठेवला. "आता तू आयक."

पहिल्याच रविवारी मी एकट्यानं ऐकलं. बुडबुडे तर नेहमीसारखे दिसत होते. पण घुर्रच्या आत काहीतरी फडफडत होतं. पंप उघडला. आतलं रबर अर्धं फाटलेलं. दुकानातून नवं आणून बसवलं, आणि चक्क बसलं.

मुलगी आली ती चपला न काढता टाकीशी धावली. गाजर हजर, मुळा हजर. मग तिची नजर वर गेली.

"बाबा, ही पायजम्याची नाडी आहे? आणि हे काय लोंबतंय? आणि—"

मी हात वर केला. डिसमिसचं टोक पंपाला टेकवलं, मूठ तिच्या कानामागे लावली. तिनं डोळे मिटले.

"काय ऐकू आलं?"

"घुर्र."

"ते मलाही सांगता येतं," मी म्हणालो, आणि सवयीनं खालून काकींच्या ओरडण्याची वाट पाहिली.