वर येऊन सांगा

पाटोद्यात आमच्या शेजारच्या किराणा दुकानातल्या वैनीला स्टूल कधी लागलं नाही. तेव्हा शांपूच्या पुड्या नव्यानंच आल्या होत्या, त्यांच्या माळा छताला टांगलेल्या असायच्या. वैनी पदर खोचून फळ्यांवर पाय देत सरळ वर जायची. गिऱ्हाईक घाबरलं की म्हणायची, "कावून? आजवर पडले का?" गल्ल्यावरून तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, ओरडायचे, "खाली उतर!" ती माळ काढल्याशिवाय उतरायची नाही.

एकदा शिवरात्रीनंतर आमच्या गल्लीची बस हंपीला विरूपाक्षाच्या दर्शनाला गेली. दर्शन आटोपून आम्ही ग्रॅनाइटच्या भल्यामोठ्या धोंड्यांच्या सावलीत दशम्या खात होतो. समोर एक गोरा माणूस पकडीसाठी हातांना पांढरी भुकटी चोळून, भेगेत बोटं घालत उभा धोंडा चढत होता. जेठांनी त्याला हात जोडले. "बगा, परदेशातला हाय, पण इभूतीबिगर दगडाला हात लावत न्हाई."

तो उतरला तशी वैनी उठली. कमरेच्या बटव्यातली विभूती तिनं तळहातांना चोळली, लुगडं वर खोचलं आणि त्याच भेगेत बोटं घातली.

जेठ उसळले. "इभूती कपाळाला लावायची असती! बाईमाणसाला शोभतं का हे? खाली उतर!"

मध्येच तिचा पाय निसटला. बोटं सुटली नाहीत. माथ्यावर पोचल्यावर तिनं हाताला उरलेली विभूती कपाळावर ओढली.

"भावजी, हितं लई वारं हाय. ऐकू येत न्हाई. वर येऊन सांगा."

जेठांनी धोंड्याला हात लावून पाहिला आणि ते बसमध्ये जाऊन बसले. वैनी उतरली, पण तिला वाटलं तेव्हा.